‘डेउस एक्स’ आणि त्याचे प्राश्निक

ग्रंथाचा इतिहास लिहिणारा ग्रंथकाराचें चरित्र देतो, त्याच्या काळाचें वर्णन करतो, आणि वाचकांची बोळवण बहुधा एका वाक्यांत करतो. अमुक ग्रंथ लोकांनीं उचलून धरला, तमुक लोकांस रुचला नाहीं, एवढें लिहिलें कीं झालें. हे लोक कोण, त्यांस नक्की काय रुचलें नाहीं, आणि त्यांचें म्हणणें रास्त होतें कीं नाहीं, हे प्रश्न तसेच राहतात. नाट्यशास्त्रकार भरतमुनि या बाबतींत अधिक दक्ष होते. प्रयोग साधला कीं नाहीं हें ठरविण्यास त्यांनीं सामान्य प्रेक्षकांखेरीज ‘प्राश्निक’ म्हणून परीक्षकांचा एक निराळा वर्ग मानला, आणि त्यांत यज्ञवेत्त्यापासून वेश्येपर्यंत व राजापासून राजसेवकापर्यंत नाना प्रकारचे जाणते बसविले. रंगभूमीवर शस्त्राचा प्रसंग आला तर त्याचा निकाल धनुर्वेद जाणणारानें द्यावा, राजाच्या डौलाचा निकाल राजानें द्यावा, अशी ती व्यवस्था आहे. ज्यानें जें केलें आहे त्यानेंच तें पारखावें, हें त्यांतलें मर्म.

परंतु ज्यांत प्रेक्षकच नट होतो असें नाटक भरतमुनींच्या स्वप्नींहि नव्हतें. आम्हांस येथें ज्या कृतीविषयीं लिहावयाचें आहे ती या जातीची आहे. ती संगणकावर खेळावयाच्या खेळांपैकीं आहे एवढ्यानेंच कांहीं वाचक कपाळास आठ्या घालतील. कादंबरी वाचणाऱ्या मुलांकडे पाहून एके काळीं वडील मंडळी अशाच आठ्या घालीत असत, एवढेंच त्यांस सांगून आम्ही पुढें जातों.

‘डेउस एक्स’ हा खेळ २००० सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. आयन स्टॉर्म या संस्थेच्या टेक्सासमधील ऑस्टिन येथील शाखेनें तो रचला. वॉरन स्पेक्टर हे त्याचे सूत्रधार आणि हार्वी स्मिथ हे रचनेचे प्रमुख. नांव एका लॅटिन वचनाचा तुकडा आहे. ग्रीक नाटकांत कथानकाची गुंतागुंत सुटेनाशी झाली कीं यारीला टांगलेला देव वरून खालीं उतरे आणि सर्वांचा निकाल लावी. त्या ‘यंत्रांतल्या देवा’चें हें अर्धें नांव. कथा २०५२ सालीं घडते. करडा मृत्यु नांवाची साथ जगभर पसरली आहे, तिची लस अधिकाऱ्यांच्या आणि श्रीमंतांच्याच हातीं आहे, आणि जे. सी. डेंटन नांवाचा तरुण, ज्याच्या देहांत सूक्ष्म यंत्रें भरलीं आहेत, दहशतवाद्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या चाकरींत आहे. खेळाडू हाच डेंटन होतो. कोणत्याहि ठिकाणीं पोंचण्यास त्याला चार वाटा असतात. समोरून गोळ्या झाडीत जावें, अंधारांतून चोरपावलांनीं जावें, कुलूप उघडावें, संगणक फोडून पहाऱ्याचीं यंत्रें फितूर करावीं, किंवा कोणाशीं दोन शब्द बोलून किल्ली मिळवावी.

प्रथमदर्शनीं खेळाडूंस हें सर्व कितपत सुंदर वाटलें? फारसें नाहीं. चित्रें त्या काळच्या मानानेंहि ओबडधोबड आहेत, चेहरे लांकडी आहेत, संवाद कागदावरून वाचल्यासारखे येतात, आणि हाँगकाँगच्या प्रकरणांतील परकी उच्चार तर निव्वळ हास्यास्पद आहेत, असें त्याच्या भक्तांनींहि म्हटलें आहे. पहारेकरी संशय येऊन इकडेतिकडे शोधतात आणि थोड्या वेळानें, कांहींच झालें नाहीं अशा थाटांत, पुन्हा येरझाऱ्या घालूं लागतात. शिकावयाचीं अकरा कौशल्यें आहेत. त्यांपैकीं पोहण्याचें कौशल्य ज्यानें गुण खर्चून घेतलें, त्याची थट्टा अजून होते. आणि तरीहि खेळाडूंत अशी म्हणच पडली आहे कीं, या खेळाचें कोणीं नांव काढलें कीं कोठें तरी कोणी तरी तो पुन्हा आपल्या संगणकावर चढवितो. इतके दोष पदरांत असलेल्या कृतीवर एवढा लोभ कां जडला, हें शोधलें तरच पुढील वीस वर्षांतील राग समजतो.

आमच्या मतें कारण असें. हा खेळ खेळाडूकडे लक्ष देतो. संस्थेच्या मुख्यालयांत डेंटन उगीच कुतूहलानें बायकांच्या स्वच्छतागृहांत शिरला तर पुढच्या भेटींत वरिष्ठ त्याला त्याबद्दल दोन शब्द ऐकवितो. शस्त्रागाराचा वृद्ध रखवालदार सॅम कार्टर यास मनुष्यहत्येचा तिटकारा आहे. पहिल्या कामगिरींत तुम्ही प्रेतांचा सडा घातला असेल तर त्याच्या बोलण्यांतून नापसंति कळते, आणि ॲना नवारे नांवाची करड्या वृत्तीची सहकारी, जिचें अर्धें शरीर यंत्राचें आहे, ती उलट त्याच गोष्टीवर खूष होते. दहा वर्षांपूर्वींच्या खेळांत शत्रु हा केवळ पाडावयाचा सोंगट्यांचा पट होता. न मारणें हीच कुशलता, हा विचार याच परंपरेंतील ‘थीफ’ या १९९८ च्या खेळांत येऊन गेला होता; तेथें सर्वांत कठीण पायरीवर मनुष्यहत्या केली कीं डाव बुडत असे. पण ‘थीफ’ मध्यें तो नियम होता. ‘डेउस एक्स’ मध्यें तें माणसाचें मत झालें, आणि मताला चेहरा मिळाला, मग तो लांकडी कां असेना.

दोन प्रसंगांची कीर्ति विशेष झाली. न्यूयॉर्कमधील एका साध्या हॉटेलांत डेंटनचा भाऊ पॉल यास पकडण्यास सैनिक येतात. पॉल धाकट्यास सांगतो, तूं खिडकीनें नीघ. खेळांतील पात्रानें सांगितलें म्हणजे ती रचनाकाराचीच आज्ञा, ही खेळाडूंची जुनी समजूत; पुष्कळांनीं ती पाळली आणि पुढें त्यांस पॉलचें प्रेत पाहावें लागलें. मग केव्हां तरी मित्राशीं बोलतांना त्यांस कळलें कीं, मित्राच्या डावांत पॉल जिवंत आहे. तो न ऐकतां तेथेंच थांबला होता आणि समोरच्या दारानें झुंजत बाहेर पडला होता. दुसरा प्रसंग विमानांतला. लेबेदेव नांवाचा बंडखोर पुढारी शरण आला आहे आणि कांहीं महत्त्वाचें सांगूं लागला आहे. ॲना हुकूम सोडते कीं या निःशस्त्र कैद्याला ठार कर. खेळाडू तो हुकूम मानूं शकतो, किंवा पाठ फिरवून तें पाप तिच्या हातून होऊं देऊं शकतो. तिसरी वाट कोणी सांगत नाहीं, पडद्यावर कोठें लिहिलेली नाहीं. खेळाडू आपली बंदूक ॲनाकडेच वळवूं शकतो, आणि कथा त्या कृत्याची दखल घेऊन पुढें चालते.

या खेळाच्या कीर्तींत एक खोटें नाणेंहि मिसळलें आहे, त्याचा उल्लेख येथेंच करून टाकतों. खेळांतील न्यूयॉर्कच्या देखाव्यांत ते दोन जुळे मनोरे नाहींत, आणि ते दहशतवाद्यांनीं पाडले असें रचनाकारांनीं आपल्या कथेंत धरलें होतें. २००१ च्या सप्टेंबरनंतर खेळाडूंस ही भविष्यवाणी वाटूं लागली. २०२० सालच्या साथींत तर करड्या मृत्यूची आठवण पुन्हा निघाली. वस्तुतः चित्राला संगणकाची स्मृति पुरेना म्हणून अर्धा देखावा दोनदां वापरावा लागला आणि मनोरे गळाले. खेळाचें खरें सामर्थ्य हॉटेलच्या खोलींत आहे, त्या देखाव्यांत नाहीं.

त्या खोलींतून खेळाडू एक अलिखित वचन घेऊन बाहेर पडला: तूं काय करतोस तें आम्ही पाहूं, आणि तुझ्या करणीचें ओझें तुझ्याच डोक्यावर राहील. पुढें या मालिकेविषयीं खेळाडूंनीं जी जी मतें दिलीं तीं सर्व या एका वचनाच्या भंगाचा दावा म्हणून वाचलीं तर त्यांचा अर्थ नीट लागतो.

पहिला दावा २००३ सालचा. त्या वर्षाच्या डिसेंबरांत ‘इन्व्हिजिबल वॉर’ नांवाचा दुसरा भाग आला. तो दिवाणखान्यांत ठेवावयाच्या ‘एक्सबॉक्स’ यंत्रावरहि चालावा म्हणून जागा लहान लहान केल्या होत्या, अकरा कौशल्यें काढून टाकलीं होतीं, आणि सर्व शस्त्रांस एकच दारूगोळा ठेवला होता. त्या शेवटच्या गोष्टीचा खेळाडूंनीं जो उपहास केला तो योग्यच होता. पिस्तूल रिकामें झालें कीं तोफहि रिकामी, हा न्याय कोणत्या लष्कराचा? मात्र आम्हांस त्यांची दुसरी तक्रार अधिक मोलाची वाटते. या भागांत खेळाडूला शेवटपर्यंत बाजू बदलतां येते; आज एका पक्षाचें काम करावें, उद्यां त्याच्या वैऱ्याचें, आणि दोघेहि पुन्हा नवें काम घेऊन दारांत हजर. मोकळीक वाढली होती, पण वजन गेलें होतें. ज्याचा कोणास राग येत नाहीं त्या निवडीस निवड म्हणतां येत नाहीं, हें त्या तरुणांस शास्त्र न शिकतां कळलें होतें. निर्मात्यांनींहि पुढें या टीकेचा बराचसा भाग मान्य केला. आयन स्टॉर्म २००५ सालीं बंद पडली.

आतां मुख्य खटल्याकडे वळूं. मालिकेचे हक्क ज्या आयडॉस कंपनीकडे होते तिनें कॅनडांत माँट्रियल येथें २००७ सालीं नवी शाखा काढली. त्या शाखेनें, जाँ-फ्रान्स्वा द्युगा यांच्या दिग्दर्शनाखालीं, ‘ह्यूमन रेव्होल्यूशन’ हा भाग २०११ च्या ऑगस्टांत प्रसिद्ध केला. काळ मागें नेऊन २०२७ वर आणला होता. ॲडम जेन्सन हा डेट्रॉइटमधील एका कंपनीचा संरक्षणाधिकारी. कंपनीवर हल्ला होतो, तो मरतां मरतां वांचतो, आणि शुद्धीवर येतो तों त्याचे हात यंत्राचे झालेले. सोनेरी आणि काळ्या रंगांत रंगविलेला हा खेळ खेळाडूंनीं उघड्या बाहूंनीं स्वीकारला. चोरपावलांनीं जाणाऱ्यास येथें इतका मान होता कीं गोळीबार करणारे कुरकुरूं लागले. कोणाच्याहि दृष्टीस न पडतां पार जाणाऱ्यास अधिक गुण, आणि शत्रूस ठार करण्यापेक्षां बेशुद्ध करणारास अधिक गुण. नवी संस्था जुनें वचन पाळणार असें दिसलें.

त्यांतच हेंगशा येथील प्रसंग आला. फरीदा मलिक ही जेन्सनची वैमानिक. शत्रु तिचें विमान पाडतात, सैनिक तिला चोहोंकडून घेरतात, आणि ती अडकलेल्या विमानांतून जेन्सनला ओरडून सांगते कीं माझी आशा सोड, निघून जा. पॉलचीच हांक अकरा वर्षांनीं पुन्हा आली. जुने खेळाडू तत्काळ समजले. ज्यांस मागचा खेळ ठाऊक नव्हता त्यांपैकीं पुष्कळ पळाले आणि मागाहून हळहळले. तिला वांचविण्यास वेळ फार थोडा असतो. त्या अवधींत एकाहि सैनिकाचा जीव न घेतां सर्वांस निजविणें हें तर कसबाचें शिखर मानलें गेलें, आणि ज्यांस तें साधलें ते त्याचें वर्णन जुन्या पहिलवानानें एखादी कुस्ती सांगावी तशा चवीनें करीत.

आणि याच खेळांत तीन द्वंद्वें होतीं. खेळाडूंच्या भाषेंत ज्यांस ‘बॉस’ म्हणतात असे तीन म्होरके, बॅरेट, फेडोरोवा आणि नमीर, जेन्सनच्या वाटेंत उभे करून ठेविले होते. ज्यानें पांच दहा तास संगणक फोडण्याची व लपण्याची विद्या कमावली, ज्याच्या झोळींत गुंगीच्या बाणांखेरीज कांहीं नाहीं, त्याला एका बंद खोलींत टाकून दार लावावयाचें आणि समोर एका हातांत तोफ बसविलेला राक्षस सोडावयाचा. येथें बोलणें नाहीं, लपून निसटणें नाहीं, सोडून देणें नाहीं. मारणें किंवा मरणें. त्यापूर्वींच्या चलच्चित्रांत तोच जेन्सन, जो इतका वेळ सांवलीसारखा वावरला, भोळ्या पाहुण्यासारखा सरळ पुढें चालत जातो, हें पाहून खेळाडू हंसले आणि चिडलेहि. पुढें उघडकीस आलें कीं या द्वंद्वांचें काम एका बाह्य संस्थेकडे सोंपविलें होतें. कापडांत ठिगळ दिसत होतें तें खरोखरच दुसऱ्या शिंप्याचें निघालें.

टीकाकारांनीं हा दोष रचनेचा म्हणून नोंदविला: अडचण फार, साधनें कमी, सूर जुळत नाहीं. हें खरें, पण वरवरचें. खेळाडूंचा विषाद कोठें होता हें पाहावयाचें तर त्या खेळांतील एक लहानसें बिरुद पाहावें. खेळ संपेपर्यंत ज्याच्या हातून कोणीहि मेलें नाहीं त्यास ‘पॅसिफिस्ट’ म्हणजे अहिंसक ही पदवी मिळते. तिचा हिशेब कडक आहे. आरंभीं प्रयोगशाळेवर हल्ला होतो तेव्हां जेन्सनच्या हातीं खरी बंदूक असते आणि खेळ अजून शिकवीत असतो. तेथें झाडलेली एक प्राणघातक गोळीहि चोपडींत लागते, आणि कित्येकांची पदवी त्यामुळें शेवटीं हुकली. परंतु त्याच पदवीच्या वर्णनांत एक कलम जोडलें आहे: म्होरक्यांशीं झालेल्या द्वंद्वांतील मरणें यांत मोजलीं जाणार नाहींत. तीन माणसें जेन्सनच्या हातून मरतात आणि चोपडी कोरी राहते. आम्हांस वाटतें, खेळाडूंचा जीव येथें दुखावला होता. त्यांस कठीण लढाई नको होती असें नाहीं. हेंगशांत त्यांनीं याहून कठीण लढाई हौसेनें केली होती. त्यांच्याकडून हत्या करविली आणि वर सांगितलें कीं ही धरली नाहीं. अपराध झाला असता तर त्यांनीं तो सोसला असता, पण ही माफी त्यांनीं मागितलेली नव्हती.

निर्मात्यांनीं ऐकलें, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ‘मिसिंग लिंक’ नांवाचें पुरवणी प्रकरण निघालें. त्यांतल्या म्होरक्याला न मारतां निजवितां येतें, एवढेंच नव्हे तर त्याच्यापर्यंत लपून जातां येतें. २०१३ च्या ऑक्टोबरांत सबंध खेळाची सुधारलेली आवृत्ति आली. तिघांच्या खोल्या नव्यानें बांधल्या होत्या; लपण्याच्या वाटा, फोडावयाचे संगणक, शत्रूवर उलटवितां येतील अशा यंत्रबंदुका, सर्व होतें. प्रेक्षकांच्या मताखातर रचलेलें घर पाडून पुन्हा बांधल्याचें एवढें ठळक उदाहरण या कलेंत विरळा. पहिल्यानें ती आवृत्ति एकाच कंपनीच्या यंत्रावर येणार होती. ओरड झाल्यावर ती सर्वत्र आली, पण जुन्या ग्राहकांस तिच्यासाठीं थोडी का होईना पुन्हा किंमत मोजावी लागली. मुद्रकाच्या चुकीचें शुद्धिपत्र विकत घ्यावें लागावें तसें हें झालें. भर म्हणून, दोन वर्षें ज्या सोनेरी रंगाची कित्येकांनीं ‘सगळें जग कावीळ झाल्यासारखें दिसतें’ अशी थट्टा केली होती तो रंग या आवृत्तींत फिका झाल्याबरोबर खेळाडू हळहळले, आणि त्यांच्यांतल्याच कांहींनीं तो परत आणण्याची युक्ति काढली. लोकमताला आपण काय प्रेम करीत होतों हें कधीं कधीं तें गेल्यावर कळतें.

पण मुख्य गोष्ट राहिलीच. सुधारलेल्या आवृत्तींतहि ते तिघे मरतातच. मारण्याच्या वाटा वाढल्या. न मारण्याची वाट निघाली नाहीं. खेळाडूंनीं मागितली होती मोकळीक, आणि निर्मात्यांनीं ती हत्यारांची मोकळीक समजून दिली. याचा दोष आम्ही एकट्या निर्मात्यांस देत नाहीं. खेळाडूंनींच आपली तक्रार बहुधा शस्त्रें, गोळ्या आणि गुण यांच्या भाषेंत मांडली होती. मनांत सल एका जागीं, बोट दुसऱ्या जागीं. ज्यास आपलें दुखणें नीट सांगतां येत नाहीं त्याला वैद्य वरवरचेंच औषध देणार.

खरें औषध २०१६ च्या ऑगस्टांत ‘मॅनकाइंड डिव्हायडेड’ या भागांत आलें. २०२९ सालचें प्राग शहर, यांत्रिक अवयवांच्या माणसांस वेगळ्या वस्तींत कोंडलेलें, आणि शेवटीं व्हिक्टर मार्चेंको हा एकच म्होरक्या. त्याला न मारतां पाडतां येतें. लढाई टाळून, आधीं शोधून ठेवलेल्या एका उपकरणानेंहि त्याचा निकाल लावतां येतो. पांच वर्षांपूर्वींचें मागणें पुरें झालें. पण तोंपर्यंत खेळाडूंचें लक्ष दुसरीकडे गेलें होतें. जितके लोक आगाऊ पैसे भरतील तितकी बक्षिसें वाढतील अशी एक योजना २०१५ सालीं जाहीर होऊन लोकक्षोभामुळें त्याच वर्षीं मागें घ्यावी लागली होती. खेळांतहि खऱ्या पैशानें घ्यावयाच्या वस्तु होत्या, आणि कथा मध्येंच तोडल्यासारखी संपत होती. या तक्रारी खऱ्या होत्या. तरी त्यांच्या गलबल्यांत मार्चेंकोच्या प्रसंगाचें कौतुक जेवढें व्हावयास हवें होतें तेवढें झालें नाहीं, असें आम्हांस वाटतें. त्यानंतर मुख्य मालिकेंत नवा भाग आला नाहीं. तयारींत असलेला एक भाग रद्द झाल्याची वार्ता २०२४ च्या जानेवारींत आली.

एका गोष्टीची नोंद करावयाची राहिली आहे, कारण २०११ च्या रागांत ती बहुतेक विसरले होते. ज्या पहिल्या खेळाचा दाखला देऊन ते भांडत होते त्यांतहि एक हत्या अटळ ठेवलेली होती. विमानांत जिच्यावर बंदूक वळविली नाहीं ती ॲना नवारे पुढें मुख्यालयांतून बाहेर पडण्याच्या दाराशीं आडवी येते. तिला शस्त्रानें मारावें, किंवा मुख्यालयांत शोधून काढलेलें एक सांकेतिक वचन उच्चारावें, कीं तिचें यंत्रमय शरीर जागच्या जागीं फुटतें. पण सरळ मार्गानें खेळणारास ती मेल्यावांचून गति नाहीं. रचनाकारांनीं तिला सोडून देण्याची सोय केलेली नव्हती. ती सोय खेळाडूंनीं काढली. दारांच्या उघडझांपेंतली एक फट, रचनेंतली एक चूक हेरून, तिला जिवंत ठेवून कांहीं जण बाहेर निसटले. त्यांस त्याबद्दल गुण मिळाले नाहींत, कोणतें बिरुदहि मिळालें नाहीं. मागें मुख्यालयाच्या दाराशीं ॲना धडधाकट उभी असते, आणि पुढच्या प्रकरणांत सगळे जण ती मेली असें धरून बोलत असतात.